नावावरची पट्टी

माझी धाकटी नणंद बंदरावर जहाजाच्या प्रवाशांचे आरोग्याचे कागद तपासते. सगळे तिला पट्टीवाली म्हणतात. कागद आला की ती आधी पुठ्ठ्याची पट्टी नावावर ठेवते, मग तपासणीसाठी नमुना घेतल्याची वेळ वाचते. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिने ओळखीतल्या एकाचा जुना कागद चालवून घेतला होता. चार दिवसांनी जहाज परत आले तेव्हा त्यातला दवाखाना आजाऱ्यांनी भरलेला होता. तेव्हापासून ही पट्टी.

त्या शनिवारी थोरल्या वन्संना पोहोचवायला मी गेले होते. नऊ वर्षे रुसलेल्या त्यांच्या मुलाने अखेर ‘ये’ म्हणून लिहिले होते. तो कामाला होता त्या बंदरावर जहाज सहा तास थांबणार होते. जहाज चार वाजता सुटणार, दार सव्वातीनला बंद. नमुना सुटण्याआधीच्या बहात्तर तासांतला हवा. हिशोब मी केला होता, घरातल्या सगळ्या वेळा लिहिते त्या वहीत बघून.

खिडकीची काच दुधी. खालच्या फटीतून वन्संनी कागद आत सरकवला. तो तसाच बाहेर आला.

“नमुना बुधवारी सकाळी अकराचा. सत्याहत्तर तास होतात. चालणार नाही.”

“अगं, मी आहे!” वन्सं म्हणाल्या.

“ताई? सकाळचा नमुना कुणी द्यायला सांगितला तुला?”

वहीत मी अहवाल आल्याची वेळ लिहिली होती, संध्याकाळी सहा. नमुना घेतल्याची नाही.

“शिक्का मार की! पाच तासांनी काय आभाळ कोसळणार आहे? लहानपणी तुझी नाकं मी पुसली!”

“म्हणूनच मारत नाही. समोरच्या खोलीत पुन्हा नमुना दे, अर्ध्या तासात अहवाल मिळतो. दोन वीस झालेत. पळ.”

“मग त्यांना सांग, मला आधी घ्या म्हणून.”

“रांगेत उभी राहा, ताई.”

पुढे सातजण होते. वन्संचा नंबर दोन एकोणचाळीसला लागला. मग बाकावर आम्ही दोघी. “सख्खी बहीण म्हणे,” वन्सं पुटपुटल्या. त्यांना एकदा खोकला आला, तो त्यांनी पदरात दाबला. खिडकीतून शिक्क्याचे ठोके ऐकू येत होते, पण दोन ठोक्यांमधले अंतर वाढत चालले होते.

तीन नऊला अहवाल हातात पडला. न वाचताच वन्संनी तो फटीत कोंबला.

आतून तोच सपाट आवाज. “नमुना, दोन एकोणचाळीस.” पुढचे शब्द येईनात. वन्संनी माझे मनगट आवळले.

“अगं, बोल ना!”

“निगेटिव्ह,” ती म्हणाली, आणि ठोका पडला. “दार डाव्या हाताला. पिशवी वहिनींकडे दे, त्या दारापर्यंत आणतील. आणि त्याला सांग, मावशी अजून तशीच खडूस आहे.”

वन्सं आत गेल्या तेव्हा शिपाई दाराला हात घालत होता.

पाच वाजता नणंद बाहेर आली. मी माझी चूक कबूल करायला तोंड उघडले.

“वहिनी, वहीत नमुन्याची वेळ लिहीत जा. अहवाल काय, कधीही येतो.” एवढेच बोलून तिने मूठ उघडली. पुठ्ठ्याची पट्टी घामाने भिजून मधोमध मोडली होती. “चला, सोमवारसाठी नवी कापायला हवी.”