भीमाशंकर दुभाष्याने शब्द उलगडला

भीमाशंकर सोलापूरच्या फौजदारी कोर्टात दुभाषी होता. घरची भाषा कानडी, विणकरांच्या आळीत राहून तेलुगू आलेली, मराठी तर रोजचीच. इंग्रजी त्याने शाळेत मिळवली आणि पुढे कायद्याची पुस्तके वाचून घासून घेतली. साक्षीदाराने म्हटले त्याहून एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही, असा त्याचा बाणा. गोरे साहेबही त्याच्याशी जपून बोलत.

एकोणीसशे बत्तीसच्या उन्हाळ्यात सिद्धनाथ नावाचा धनगर पिंजऱ्यात उभा राहिला. सरकारी कुरणाचा रखवालदार हिंदुराव याच्यावर त्याने ‘असॉल्ट’, म्हणजे हल्ला, केला, असा आरोप. गुन्हा ठरला तर तीन महिने आत. कुरणाच्या कडेला दीडशे मेंढ्या घेऊन त्याची बायको मायाक्का एकटी होती.

“गुन्हा कबूल?” मॅजिस्ट्रेट साहेबांनी इंग्रजीत विचारले. भीमाशंकरने मराठीत विचारले.

“व्हय की. काठी उगारली मी.”

कबुली लिहायला कारकुनाने टाक बुडवला.

“थांबा,” भीमाशंकर म्हणाला. मग साहेबांकडे वळला. “त्याने काठी कबूल केली, असॉल्ट नाही. हात न लावताही असॉल्ट होतो. पण समोरच्याला आता मार बसेल असे वाटावे, हे मनात हवे, निदान ठाऊक तरी हवे. एवढे त्याला मराठीत समजावू द्यावे.”

कारकून कुजबुजला, “दुभाषी आहात, वकील नव्हे!”

“शब्द माझ्या तोंडून जाणार. तो अर्थासकट जाईल.”

साहेबांनी मान हलवली.

“सिद्धनाथ, ह्या माणसाला आता मार बसेल असं वाटावं, म्हणून काठी उगारलीस का?”

सिद्धनाथ हसला. “ह्येला? ह्यो कळपात शिरला, मेंढरं बिथरली. पिकात जात हुती. त्यास्नी वळवाय काठी वर केली, आराळी दिली. ह्येच्याकडं बघितलं कुनी? आन् मारायचंच असतं तर घोंगडं डोईवर ठेवलं असतं व्हय? डाव्या हाताला ढालीवानी गुंडाळलं असतं. त्याबिगर आमचा मानूस भांडनात उतरतच न्हाय.”

भीमाशंकरने शब्दाला शब्द इंग्रजीत मांडला. साहेबांनी हिंदुरावला विचारले, घोंगडी कुठे होती?

हिंदुराव शहरात वाढलेला. नोकरीला लागून दोनच महिने झालेले. तो गोंधळला. “डोक्यावर होती, साहेब. खोळ करून.”

“आणि तो बघत कुठे होता?”

“मेंढ्यांकडं,” हिंदुराव म्हणाला. “मला वाटलं, माझ्यावरच आला.”

साहेबांनी दोन ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. सिद्धनाथ दुभाष्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.

“सुटलास,” भीमाशंकर म्हणाला. “जा.”

सिद्धनाथने पागोटे सावरले. आभार वगैरे त्याला सुचले नाहीत. “आज मेंढरं पान्यावर न्यायची पाळी हाय,” एवढे बोलून तो जवळजवळ धावतच बाहेर पडला.

भीमाशंकरने पुढच्या साक्षीदाराला हाक मारली, तेलुगूत.