नंबरप्लेटचे स्क्रू

त्या गॅरेजवाल्याला सारी गल्ली शंकासुर म्हणायची, तीही तोंडावर. गिऱ्हाईक म्हणालं, ‘काही नाही हो, जरा खडखड होते,’ की हा आधी गिऱ्हाइकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा आणि मग बॉनेट उघडायचा. इंजिन थापा मारत नाही, माणसं मारतात, हे त्याचं ठाम मत. बायको होती तेव्हा म्हणायची, ‘उद्या देव भेटला तरी तुम्ही त्याला ओळखपत्र मागाल.’

अशा माणसाची एकुलती एक लेक परदेशी नोकरीला निघाली. दोन वर्षांसाठी, असं तिनं सांगितलं होतं. बापानं भंगारातून उभी केलेली गाडीही ती जहाजानं नेणार होती. बंदरापर्यंत दोघांनी समुद्रकाठच्या रस्त्यानं मजेत जायचं ठरवलं.

वाटेत शंकासुराच्या शंकांना ऊत आला. पंपावरच्या पेट्रोलात भेसळ, लॉजच्या चादरी कालच्याच, आणि जहाज कंपनीचा एजंट तर पक्का लबाड. ‘फार गोड बोलतोय गं. नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.’ लेक हसायची. पण एरवी जिच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे ती ही पोरगी समुद्राकडे बघत तासन्‌तास गप्प बसायला लागली होती. दोन वर्षांसाठी कुणी एवढा खर्च करून गाडी नेतं का? प्रश्न अगदी जिभेवर यायचा, आणि तो टायरच्या हवेबद्दल बोलायला लागायचा.

बंदराच्या यार्डात तर तो तिथल्या एका कामगाराच्या पाठीच लागला. जहाजावर चढवायची गाडी चाकांतली वाळूसुद्धा धुऊन द्यावी लागते, टाकीत थोडंच पेट्रोल चालतं आणि आत सामान ठेवता येत नाही, असं कामगारानं सांगितलं.

‘का? तुम्हाला ढापायला नको म्हणून?’

‘काका, तुमच्यासारखे रोज भेटतात,’ कामगार शांतपणे म्हणाला आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन नंबरप्लेटपाशी बसला.

शंकासुरानं त्याचं मनगटच धरलं. ‘ए! प्लेट कशाला काढतोस?’

‘परत येणाऱ्या गाडीची नाही काढत, काका. ही कायमची चाललीय. ताईंनीच तसं सांगितलंय.’

त्यानं लेकीकडे पाहिलं. ती ओल्या चाकांकडे बघत होती. साऱ्या जगाची उलटतपासणी घेतली आणि हिला तेवढं विचारायचं धाडस झालं नाही, याची त्याला स्वतःचीच चीड आली.

‘आण तो इकडे. तू स्क्रूची वाट लावशील,’ म्हणत त्यानं कामगाराच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि गुडघे टेकले. लेक शेजारी येऊन बसली.

‘बाबा...’

‘मी अडवीन म्हणून लपवलंस ना?’

‘तुम्ही अडवाल याची भीती नव्हती हो,’ तिचा आवाज फुटला. ‘अडवलंत तर मी थांबेन, याची होती.’

आयुष्यात पहिल्यांदा त्याला समोरच्याच्या शब्दाबद्दल तिळमात्र शंका आली नाही. ‘नको जाऊस’ एवढं म्हटलं की ती राहिली असती. त्यानं ओठ घट्ट मिटले, बाहीला डोळे पुसले आणि शेवटचा स्क्रू काढून दोन्ही प्लेटा कामगाराच्या हातात दिल्या.