झुंबरबाईंचा कुतुबमिनार

दिंडोरीच्या झुंबरबाई पंधरा-सोळा वेळा दिल्लीला जाऊन आल्या होत्या आणि त्यांनी दिल्लीतलं काही म्हणजे काहीही पाहिलेलं नव्हतं. खोटं वाटतं ना? पण जीवनच्या यात्रा कंपनीत त्या स्वयंपाकाला होत्या. द्राक्षबागांची खरड छाटणी उरकली की बसभर शेतकरी नवरा-बायको दिल्ली बघायला निघायचे. ते लाल किल्ल्यात फोटो काढत असताना बाई धर्मशाळेच्या मागच्या पडवीत त्यांच्यासाठी पोळ्या लाटत असायच्या. गावात मात्र त्यांचा केवढा दरारा! दिल्लीला निघालेला माणूस आधी त्यांच्याकडे यायचा. त्याही अगदी मनापासून सांगायच्या, की पाणी डावीकडच्या नळाला येतं आणि तिथली हिरवी मिरची नुसती दिसायला असते.

यंदा गुडघे बोलायला लागले होते. ही शेवटची खेप, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. म्हणून दिल्लीतल्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जीवनला सांगितलं, की मला कुतुबमिनार बघायचाय. बाकी काही नको, तेवढा एक.

जीवन भला माणूस. त्याने नाश्त्याच्या पंगतीत हे जाहीर केलं आणि तिथंच घोटाळा झाला. मंडळी गहिवरली. मिनार आदल्याच दिवशी सगळ्यांचा बघून झाला होता, पण परक्या शहरात बाई एकट्या जाणार कशा, म्हणून मंडळींतली तेजस्विनी निघाली. ती निघाली म्हणून तिचा नवरा निघाला. आपण मागे राहिलो तर बरं दिसणार नाही म्हणून उरलेले सगळे निघाले. भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना, एका बाईला मिनार दाखवायला अख्खी बस गेली.

तिथं झुंबरबाईंना मधोमध उभं केलं आणि सगळे मिनाराकडे पाठ करून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. दिसला का? कसा वाटला? पिंपळगावचे सावळीरामअण्णा तर मोबाइल रोखूनच उभे होते. त्यांना बाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद टिपायचा होता. बाईंनी मान वर केली की कुणी नक्षी दाखवायचं, कुणी म्हणायचं, अहो इकडून बघा, तिथून काय दिसतंय डोंबल! एका परदेशी पाहुण्याला वाटलं, बघण्यासारखं काहीतरी इथंच आहे. तोही येऊन बाईंचा फोटो काढून गेला. बाई कसनुसं हसत होत्या. एवढ्या वर्षांची इच्छा, आणि मिनारासमोर उभं राहून त्यांना रडू यायला लागलं होतं.

मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, की आपण सगळे इथं, तर स्वयंपाक कोण करतंय?

कुणीच करत नव्हतं. एकदम सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले.

"चला झुंबरबाई, झालं ना बघून?" मोबाइल खिशात घालत अण्णा म्हणाले. "पटकन पिठलं-भाकरी टाका."

मंडळी वळली, पार फाटकाकडे निघालीसुद्धा. बाई मात्र जवळच्या दगडी कट्ट्यावर टेकल्या.

"नाय झालं," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठं तुमी माझ्यासमोरनं हटलाय. मला बघू द्या."

मंडळी मागे फिरून बाईंच्या बाजूला आली. तेजस्विनीने नवऱ्याला ओढून खाली बसवलं, मग एकेक करत सगळेच बसले, घामाने निथळत, भुकेने कळवळत. करायला दुसरं काही नव्हतं, तेव्हा तेही बाई बघत होत्या तिकडं बघायला लागले.

बऱ्याच वेळाने अण्णा हळूच म्हणाले, की काल हा एवढा उंच नव्हता.

बाईंनी मान न वळवता हातानेच त्यांना गप्प केलं.