सत्यवानाचं पदक

देवबागात एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधोमध माझी पडवी. कोण कुठे चाललाय हे बघायला मला फक्त कूस बदलावी लागते. त्यामुळे पर्यटकांची बोट चालवणारा सत्यवान खाडीवरून समुद्रावर आणि समुद्रावरून खाडीवर नुसत्या फेऱ्या मारतोय, हे प्रथम मीच पाहिलं आणि गावभर केलंही मीच.

नुकताच तो समुद्रातल्या पोहण्याच्या शर्यतीत पहिला आला होता. दरवर्षीचा विजेता बाप्तिस्त या वेळी मागे पडला, तरी त्यानेच याला खांद्यावर घेऊन नाचवलं. राज्य स्पर्धेला आता सत्यवान जाणार. मग चटका बसल्यासारखा फिरतो कशाला?

"बायलेन घराभायर काढल्यान काय रे तुका?" मी हाक मारली.

तो पडवीत बसला, उठला, परत बसला. "आजोबा, कोणाक सांगशात नाय मां?"

हे मला विचारतो!

"शर्यतीआधी जिमवाल्यान गोळी दिल्यान. बंदी आसा तिच्यार. माका ठावक होता, तरी खाल्लंय."

"तपासणी झाली?"

"नाय."

"मग जीव कित्याक खातंस?"

"उद्या गाऱ्हाणा आसा."

आता उलगडलं. त्याच्या बायकोने, आनंदीने, जिंकल्यास देवाला नारळ ठेवीन असा नवस केला होता. तो फेडताना देवळाचे मानकरी भाई देवापुढे गाऱ्हाणं घालणार आणि दर वाक्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. शर्यतीच्या पंचांपुढे गप्प राहून भागलं. इथे तोंड उघडावंच लागणार.

"हळू आवाजात म्हण," मी सुचवलं. त्याने असं बघितलं, की मी उगाच तपकिरीची डबी शोधू लागलो.

दुसऱ्या दिवशी देवळात मी मुद्दाम त्याच्या शेजारी. भाईंचा आवाज चढला, "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरान नारळ ठेवल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या हातापायात तूच बळ दिलंस..."

"नाय म्हाराजा!"

सगळ्या माना सत्यवानाकडे वळल्या.

"देवान नाय, गोळयेन दिल्यान. पदक बाप्तिस्ताचा."

आनंदीने तोंडाला पदर लावला. गाऱ्हाण्यात कधी न अडखळलेले भाई माझ्याकडेच बघू लागले, जणू मीच पढवलंय! मग खाकरून म्हणाले, "तर लेकराची ही चूक पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" आता सत्यवानाचा आवाज सर्वांत मोठा.

देवाने पोटात घातली असेल. बाप्तिस्ताने पदक घेतलं, पण बोलणं टाकलंय. सत्यवान अजून फेऱ्या मारतो, आता बाप्तिस्ताच्या फाटकापर्यंत. परवा कडीला हात लावला आणि परत फिरला. मी बघतोच आहे.