ठेक्यावरची मारामारी

तळोद्याच्या बाजारात मूकपटांचा तंबू लागे, तेव्हा पडद्याशेजारी बसून मी तबला वाजवीत असे. दारावर तिकिटं फाडणारा एक काडीपैलवान होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पडद्यावरचा बुरखाधारी वीर दरोडेखोरांना ज्या डावांनी लोळवी, ते सगळे त्याने रोज खेळ बघून उचलले होते. आधी एका पायावर गिरकी, मग छातीत लाथ आणि शेवटी, नसलेल्या मिशीला पीळ.

एकदा खेळ सुरू व्हायच्या आधीच तिघे दांडगे कनात उचलून फुकट घुसले. हा आडवा गेला, एक पाय उचलला आणि तसाच थांबला. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या, तरी पाय वरच.

"अरे, मार की!" मी ओरडलो.

"तबला वाजाडा ना, दादा! त्यानाबिगर मन्हा पाय चालत नही."

मी द्रुत तीनताल धरला आणि त्याने तिघांना लोळवलं. तेही बरोब्बर समेवर पडले.

पुढे बोलपट आले. मालकाने मला रजा दिली. मी तबले बांधत होतो, तेव्हा काडीपैलवान जवळ येऊन हळूच म्हणाला, "आते मारामारी बी बोलीसन करानी का, दादा?"

मी गाठ आवळली, तबले खांद्याला लावले आणि निघालो.

पुढच्या बाजारी तिकीट काढून बोलपट बघायला गेलो. दारात दोघा फुकट्यांनी त्याची गचांडी धरली होती. त्याचा एक पाय वर होता आणि डोळे गर्दीत कुणाला तरी शोधत होते.

मी शेजारच्या दुकानातलं रॉकेलचं रिकामं डबडं ओढलं आणि मांडी घातली.