पडद्यावरचा दादा

नवऱ्याला नाही, आईला नाही, दादाला तर नाहीच — हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि तो सिनेमा बहुतेक तुम्हीही पाहिला असेल.

तोच हो, हिंदी, प्रेमाचा, रडका. गरीब मुलगा, जावळीतली मुलगी आणि मध्ये आडवा येणारा तिचा फौजी भाऊ. भाऊ मिशीला पीळ देत म्हणतो, "वर्दी उतारूँगा, फिर गोली मारूँगा." साताऱ्यात त्या वाक्याला शिट्ट्या पडल्या. पोरं त्यावर रील करतात. मी शिक्षिका आहे. वर्गात पोरांचे मोबाइल काढून घेते आणि घरी येऊन तेच रील बघत बसते.

लेखकाने मुलाखतीत सांगून टाकलं, की ही त्याची स्वतःची, खरी गोष्ट आहे. मुलगी मेढ्याकडची, सांगलीला शिकायला होती, भाऊ फौजेत. झालं! आमच्या गावातून तेव्हा सांगलीला शिकायला गेलेली मुलगी एकच. मी.

लोक किती हळहळले म्हणून सांगू! शाळेत बायकांनी माझा हात हातात घेतला. नवरासुद्धा आठवडाभर हळू आवाजात बोलत होता. आणि मला — खरं सांगू? — मला ते गोड लागलं.

दादाला मात्र गाव त्या वाक्याने हाक मारायला लागलं. पारावरून, डेअरीतून, कुठूनही. तो हसण्यावारी न्यायचा. "पिक्चर हाय रं गड्या, पिक्चर," म्हणायचा.

आता मुद्द्याला यायला हवं. किती गोल गोल फिरणार?

तो लेखक म्हणजे संजय, सांगलीजवळच्या माधवनगरचा. वडिलांची गिरणी बंद पडलेली, दोन खोल्यांचं घर, स्वभावाने सोनं. चार वर्षं आमचं जमलं होतं. मग मला साताऱ्याच्या इंजिनिअरचं स्थळ आलं — स्वतःचा फ्लॅट, पक्की नोकरी. आणि मला ते हवंसं वाटलं. कुणी जबरदस्ती केली नाही. घरात संजयचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. पण त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, की मी तुझ्या दोन खोल्यांना भ्यायले? मी कृष्णेच्या घाटावर त्याच्यासमोर रडले आणि म्हणाले, दादाला कळलंय. तो म्हणतो, वर्दी उतरवीन आणि मग त्याला गोळी घालीन.

ते वाक्य माझं आहे. मी रचलेलं.

संजयने लगेच विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? आमच्याकडे घरटी एक फौजी. फौजी भाऊ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. दादा तेव्हा पंजाबात होता, त्याला काडीची कल्पना नव्हती. उलट आदल्याच सुट्टीत तो मला म्हणाला होता, "कोण आवडला तर मला सांग. आबांचं मी बघतो."

गेल्या महिन्यात दादाच्या मुलीचं, पल्लवीचं, कोरेगावच्या मुलाशी जमलं. याद्या करायला पाहुणे आले, मीही नवऱ्याला घेऊन गेले. चहा झाला. कागद-पेन पुढे आलं. तेवढ्यात मुलाचे मामा माझ्याकडे वळले.

"आत्याबाई, राग मानू नका. त्या पिक्चरमधलं खरं हाय का वं? न्हाई, पोरीला बंदूक दाखवणारं घर म्हंजे... इचारलेलं बरं."

दादाने माझ्याकडे पाहिलं. अगदी निर्धास्त पाहिलं — आता सुजाता सांगेल आणि विषय मिटेल. एक 'नाही' पुरलं असतं. पण नुसतं 'नाही' म्हणून भागतं का? मग खरं काय ते आलंच. शेजारी बसलेल्या नवऱ्याला कळलं असतं, की मी त्याला नाही, त्याच्या फ्लॅटला हो म्हटलं होतं. मी पदर सावरला. म्हणाले, "जाऊ द्या. झालं गेलं गंगेला मिळालं."

याद्या झाल्या नाहीत. पाहुणे 'कळवतो' म्हणून उठले. पल्लवी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला — हो, तेही मी केलं.

दुसऱ्या दिवशी दादा मला मेढ्याच्या स्टँडवर सोडायला आला. नवरा तिकडे पेपर घ्यायला गेला होता. दादा चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत बसला होता. मग म्हणाला,

"सुजे, मी आसं बोललो आसंन का गं? तवा डोकं लय गरम आसायचं माझं. रातभर आठवून बघितलं, काय आठवंना. पर तू न्हाई म्हणाली न्हाईस, म्हंजे बोललोच आसंन. तुझ्या जन्माचं वाटुळं केलं मी. माफ कर गं."

गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती. सांगायला तेवढी पुष्कळ होती. माझा थोरला भाऊ मान खाली घालून माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"असू दे, दादा," मी म्हणाले.

मी त्याला माफ केलं.