‘आमच्याविषयी’ नावाचं पान

त्या काळी मीरा-भाईंदरमध्ये ज्याला त्याला वेबसाइट हवी झाली होती. कंप्युटर बंद कसा करायचा हे ठाऊक नसलेली माणसंही व्हिजिटिंग कार्डावर ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू’ छापून मिरवत होती. असल्या लोकांच्या साइट बनवणाऱ्या एका ऑफिसात मी मजकूर लिहायचं काम करत होते. लग्नानंतर दादरहून इथल्या पूनम सागर वसाहतीत राहायला आले, मुलगी लहान होती, फोर्टातली नोकरी झेपेना, म्हणून घराजवळचं हे काम धरलं.

आमचा बॉस आधी टायपिंगचा क्लास चालवायचा. वेबसाइटबद्दलचं त्याचं ज्ञान एवढंच, की चार पानं कायमची लागतात: होम, अबाउट अस, फॅसिलिटीज आणि कॉन्टॅक्ट. “मॅडम, ही पानं म्हणजे बिल्डिंगचा पाया. पाया कोणी बघतं का? एकदा भरला की विसरून जायचं,” असं तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा. पायात काय भरायचं याचीही त्याने सोय करून ठेवली होती. एक तयार इंग्रजी मजकूर होता, त्यात फक्त नाव बदलायचं. त्यामुळे एका फरसाणवाल्याच्या पानावर ‘पेशंटचं हसू हेच आमचं समाधान’ हे वाक्य कित्येक दिवस तसंच होतं. फरसाणवाल्याने तक्रार केली नाही. त्यानेही वाचलं नव्हतं.

एक दिवस भाईंदर पश्चिमेचे एक डॉक्टर आले. त्यांनी नवं प्रसूतिगृह बांधलं होतं आणि उद्घाटनाला पडद्यावर वेबसाइट दाखवायची होती. बॉसला बाकीची कामं होती म्हणून ‘अबाउट अस’ लिहायला त्याने मला पाठवलं.

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बसवून अर्धा तास ऐकवलं. ‘इंटरनॅशनल स्टँडर्ड’ हा शब्द ते श्वासासारखा वापरत होते. हॉस्पिटल सुरू करावंसं का वाटलं, असं मी विचारलं, तर म्हणाले, “व्हिजन होतं.” कसलं व्हिजन, हे काही त्यांना सांगता येईना. “ते तुम्ही लिहा ना, तुमचंच काम आहे ते!”

बाहेर आले तर बाकावर एक म्हातारी बसली होती. लाल काष्ट्याचं लुगडं, गळ्यात ठसठशीत सोनं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सवर चाललेली आरडाओरड. ती डॉक्टरांची आई होती, जवळच्याच मोरवा गावची.

“तू ती लिवनारी बाय काय?” तिने मला हाताला धरून बसवलं. “मंग माजा लिव. मोरव्यातली निम्मी पोरां माज्या हातावर झाली हायेत. ह्यो डाक्टर कुठं व्हता तवा?”

ती गावची सुईण होती. भर पावसात कंदील घेऊन, चिखल तुडवत बाळंतिणीकडे जायची. आडवं मूल असलं की वेळेत ओळखून बैलगाडीतून सरकारी दवाखान्यात न्यायला लावायची, आणि घरचे ऐकेनात तर त्यांना शिव्या घालायची. अशाच एका बाळंतिणीला गाडी मिळाली नाही. ती गेली, तेव्हा हिने ठरवलं, पोराला डॉक्टर करायचं. हे सगळं ती मला सांगत होती आणि मधूनच विचारत होती, “माजा फोटू टाकशील ना? नथ घालून बसते.”

मी घरी येऊन ते पान लिहिलं. त्या ऑफिसात लिहिलेल्या सगळ्या मजकुरांपैकी तेवढंच एक मला माझं वाटलं. म्हातारीने खरोखरच नथ घालून फोटो काढून घेतला.

डॉक्टरांनी ते पान वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “मॅडम, सुईण? लोक काय म्हणतील? हे हॉस्पिटल आहे!” ज्या बाईमुळे ते डॉक्टर झाले तिचं काम त्यांना लपवण्यासारखं वाटत होतं. बॉसने तिथल्या तिथे मान डोलावली, माझं पान उडवलं आणि कुठल्याशा परदेशी हॉस्पिटलचा मजकूर उचलून डकवला. सोबत सोनेरी केसांची एक आई आणि तिचं गुबगुबीत बाळ.

“त्यात लिहिलंय, बर्फ पडला तरी पार्किंग चोवीस तास खुलं,” मी म्हटलं.

“कोण वाचतंय, मॅडम?”

उद्घाटनाला मोरव्याहून बायका आल्या होत्या. कोणीतरी नगरसेवक बोलून गेले, मग अंधार करून पडद्यावर साइट लावली. सोनेरी केसांची बाई भिंतभर झळकली. टाळ्या थांबल्यावर पहिल्या रांगेतून म्हातारीचा आवाज आला, “ही कोन बाय? आपल्याकडं कवा बालंत झाली?”

मागच्या बायका खो खो हसल्या. म्हातारी हसली नाही. “माजा फोटू कुठं हाय? न्हाय ना?” डॉक्टर “आई, नंतर, नंतर” करत होते. ती उठली, रिक्षा करून निघून गेली. जेवायलाही थांबली नाही. तिच्या पाठोपाठ बायकाही उठल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. आई घरी कोणाशी बोलत नव्हती. फोटो कुठेतरी टाका म्हणाले. माझं पान परत लावा, असं मी बॉसला सांगितलं. “अबाउट फायनल झालंय,” तो म्हणाला, आणि जिथे जागा होती तिथे फोटो चिकटवला. ‘फॅसिलिटीज’मध्ये. लिफ्ट, मग जनरेटर, मग नथ घातलेली आई, मग अँब्युलन्स.

मला वाटलं, हे बघून म्हातारी हॉस्पिटल डोक्यावर घेईल. पण तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. आपण दिसतोय, तेही अँब्युलन्सच्या वर, एवढ्यावर ती खूश झाली. रिसेप्शनच्या कंप्युटरवर फोटो लावून आल्या-गेल्याला दाखवायला लागली. डॉक्टर सुटले, बॉस सुटला. मला मात्र ते बघवेना.

त्याच आठवड्यात मी काम सोडलं. बॉसने कारण विचारलं. मी सांगितलं, की आई ही सुविधा नसते. तो गंभीरपणे म्हणाला, “मग काय सर्व्हिसेसमध्ये टाकायला पाहिजे होती का?”